तेलसाठ्याच्या वालुकाश्मात सिमेंट मोजताना या चुका टाळा

विहिरीतून आलेला कोअर (खडकाचा दंडगोल नमुना) हाताला कडक लागला की 'सिमेंटेशन जास्त, साठा निकृष्ट' असा शेरा मारून मोकळं व्हायची सवय अनेकांना असते. इथे सिमेंट म्हणजे जमिनीखाली वाळूच्या कणांमध्ये नंतर तयार झालेलं, त्यांना जोडणारं खनिज. त्या शेऱ्यातून फारसं काही कळत नाही. खनिज कोणतं आहे आणि ते कणांच्या मधोमध भरलंय, कणांवर चढलंय की वाटांमध्ये तंतूंसारखं पसरलंय, यावर सगळा हिशेब फिरतो.

पहिली गफलत वजाबाकीची. ताज्या वाळूत ४० टक्के पोकळी होती असं धरा. आज थिन सेक्शनमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या खडकाच्या पातळ चकतीत) १८ टक्के रिकामी जागा आणि ८ टक्के सिमेंट दिसतंय, म्हणजे कणांमधली एकूण जागा २६. मग ४० वजा २६, वरच्या थरांच्या दाबामुळे १४ गेले, असं लिहिलं जातं. पण दाबाने खडकाचं एकूण आकारमानही घटलेलं असतं. कण ६० भागच राहिले आणि आज ते ७४ टक्के दिसतात, तर मूळचे १०० भाग आता ८१ उरलेत. म्हणजे दाबाने जवळपास १९ भाग खाल्ले आणि सिमेंटने जेमतेम साडेसहा. दोष सिमेंटला देण्याआधी हे गणित एकदा करा.

दुसरी चूक म्हणजे क्लोराइट (चिकणमातीच्या गटातलं एक खनिज) दिसलं की 'चिकणमाती' म्हणून त्याला वाईट ठरवणं. तापमान ७०-८० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की क्वार्ट्झच्या कणांवर नवं क्वार्ट्झ चढू लागतं, पण त्यासाठी कणाचा पृष्ठभाग उघडा लागतो. क्लोराइटचा सलग लेप असेल तर ही वाढ अडते. अमेरिकेतल्या लुइझियानाच्या टस्कलूसा वालुकाश्मात सुमारे ६ किलोमीटर खोलीवरही २० टक्क्यांहून जास्त पोकळी टिकलेली सापडते, ती मुख्यतः या लेपामुळे. मात्र लेपाच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी अडकून राहतं, रेझिस्टिव्हिटी (विजेला होणारा विरोध) खाली येते आणि तेल असलेला थर लॉगवर, म्हणजे विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या नोंदीवर, पाण्याचा वाटतो. असा थर सोडून देण्याआधी सूक्ष्म छिद्रांतलं पाणी वेगळं मोजा.

सगळ्यात महागात पडतो तो इलाइट, चिकणमातीचंच आणखी एक खनिज. त्याचे केसांसारखे तंतू छिद्रांमध्ये आडवे-उभे पसरतात. सच्छिद्रता (पोकळीचं प्रमाण) फारशी घटत नाही, पारगम्यता (द्रव वाहू देण्याची क्षमता) मात्र कोसळते. गंमत अशी की प्रयोगशाळेत नमुना साधा हवेवर सुकवला की आटणाऱ्या पाण्याच्या पृष्ठताणामुळे हे तंतू कणांना चिकटून बसतात, वाटा मोकळ्या होतात आणि पारगम्यता अनेक पटींनी जास्त येते. ब्रिटनच्या हद्दीतल्या उत्तर समुद्रातलं मॅग्नस क्षेत्र याचं गाजलेलं उदाहरण. कोअर ओला ठेवा, काही प्लग (कोअरमधून कापलेले छोटे तुकडे) क्रिटिकल पॉइंट पद्धतीने, म्हणजे पृष्ठताण येऊ न देता, सुकवून तुलना करा आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तंतू पाहा. तंतू खाली बसलेले दिसले तर तो पारगम्यतेचा आकडा साठ्याच्या मॉडेलमध्ये घालू नका.

कॅल्साइटच्या (कॅल्शियम कार्बोनेटच्या सिमेंटच्या) बाबतीत प्रश्न आकाराचा असतो. साधारण १० सेंटीमीटर रुंदीच्या कोअरमध्ये सलग पट्टा आणि मोठी गाठ सारखीच दिसते. गाठीला तेल वळसा घालून जातं, सलग पट्टा मात्र साठा दोन भागांत तोडतो. शेजारच्या विहिरींत तोच पट्टा येतो का, पट्ट्याच्या वर-खाली द्रवाचा दाब वेगळा आहे का, हे तपासा. आपल्याकडे तेल म्हटलं की मुंबई हाय आठवतं, पण तिथला मुख्य साठा चुनखडीत आहे, तिथले आडाखे वालुकाश्माला लावू नका.

सिडेराइट (लोहाचं कार्बोनेट) असेल तर घनतेवरून सच्छिद्रता काढणारा घनता लॉग फसवतो. त्याची घनता ३.९ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटरच्या आसपास, क्वार्ट्झची २.६५. घन भागात १० टक्के सिडेराइट असताना क्वार्ट्झचीच घनता धरली, तर २० टक्के सच्छिद्रता १४ टक्केच दिसते.

आणि शेवटी, बुजलेल्या वाटा मोकळ्या करायला विहिरीत सोडतात ते ॲसिड. लोहयुक्त क्लोराइटवर हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडलं की लोह सुटतं आणि ॲसिडचा जोर ओसरल्यावर जेलीसारखं साचून वाटा बुजवतं. लोह धरून ठेवणारं रसायन सोबत हवं. कॅल्साइट असताना थेट हायड्रोफ्लोरिक ॲसिड सोडलं तर कॅल्शियम फ्लोराइड तयार होतं, म्हणून आधी हायड्रोक्लोरिकने कॅल्साइट धुऊन घ्यावं लागतं. कॅल्साइट आणि क्लोराइट दोन्ही असतील तर ॲसिडची मात्रा ठरवण्याआधी त्याच कोअरच्या तुकड्यावर प्रयोगशाळेत चाचणी करून घ्या.