बाळाच्या लसीकरणाचा निर्णय घेताना या चुका टाळा

बाळाला लस द्यावी की नाही, असा विचार करणारे आईवडील बेफिकीर नसतात. काळजीपोटीच त्यांचे पाऊल अडखळते. मात्र ठाम नकारापेक्षा 'पुढच्या महिन्यात बघू' हे उत्तर मला अधिक धोक्याचे वाटते, कारण नकारावर घरात निदान चर्चा तरी होते, चालढकलीवर कोणीच बोलत नाही आणि तेवढ्यात बाळाचे सर्वांत नाजूक महिने निघून जातात. डांग्या खोकला जिवावर बेततो तो मुख्यतः अगदी तान्ह्या बाळांच्या; म्हणूनच त्यापासून संरक्षण देणाऱ्या पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरील एकत्रित) लसीचे तीन डोस सरकारी वेळापत्रकात 6, 10 आणि 14 आठवड्यांना ठेवले आहेत.

आपल्याकडे ही चालढकल बऱ्याचदा माहेर-सासरच्या प्रवासात सुरू होते. पहिले बाळंतपण अक्कलकोटला किंवा मंगळवेढ्याला माहेरी होते आणि बीसीजी (क्षयरोगावरील लस), पोलिओचा शून्य म्हणजे जन्मावेळचा डोस व कावीळ-ब ची लस तिथेच दिली जाते. बाळंतीण तिसऱ्या महिन्यात सोलापुरात सासरी येते, तोवर दीड महिन्याचा डोस राहून गेलेला असतो आणि लसीकरणाची पुस्तिका माहेरच्या कपाटात असते. 'आता सगळे पहिल्यापासून करावे लागेल' या समजुतीने मग पुढचे डोसही राहतात. तसे काहीही नसते. डोस जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू करतात आणि महापालिकेचे नागरी आरोग्य केंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा अंगणवाडीतील लसीकरण सत्र, कुठेही लस मोफत मिळते. गाळप हंगामात जिल्ह्यात येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांनाही हेच लागू आहे. पुस्तिकेच्या पानाचा फोटो आई आणि वडील दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्यावा. काही लसींना मात्र वयाची मर्यादा आहे: कावीळ-ब चा जन्मावेळचा डोस 24 तासांच्या आत, तर बीसीजी आणि रोटाव्हायरसच्या (जुलाबावरील) लसीचा पहिला डोस वर्षाच्या आत द्यावा लागतो.

साधी सर्दी, खोकला किंवा किरकोळ जुलाब असताना लस पुढे ढकलण्याचे कारण नाही. बाळ गंभीर आजारी असेल किंवा आधीच्या डोसनंतर तीव्र ॲलर्जी झाली असेल, तर डॉक्टरांनीच ठरवावे.

पेंटाव्हॅलंटनंतर ताप येतो आणि मांडी दुखते, ते पाहून 'पुढचा डोस नको' असे ठरवणे ही आणखी एक चूक. हा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. बाळाच्या वजनानुसार डॉक्टरांनी सांगितलेले पॅरासिटामॉलच द्यावे. टोचल्या जागी हळद, चुना किंवा तेल लावू नये आणि ती चोळूही नये. बीसीजीच्या जागी तर काही आठवड्यांनी छोटी पुळी उठते, ती फुटून खपली धरते आणि मागे व्रण राहतो. अनेक घरांत ती पिकली म्हणून धावपळ होते. प्रत्यक्षात तिला काहीही न लावता कोरडी ठेवणे एवढेच करायचे असते.

गोवराविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. गोवर म्हणजे देवीचा फेरा, कडुलिंबाचा पाला ठेवला की आपोआप जातो, हा समज अजून टिकून आहे. गोवरानंतर न्यूमोनिया होऊ शकतो, मेंदूला सूज येऊ शकते आणि शरीराने पूर्वी कमावलेली प्रतिकारशक्तीही काही काळ ढासळते. 2022 च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराचा उद्रेक होऊन बालके दगावली, हे आपल्याच राज्यातले उदाहरण आहे. गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर देतात, कारण त्याआधी आईकडून मिळालेली प्रतिपिंडे लसीच्या कामात अडथळा आणू शकतात. तरीही एका डोसने काही बालकांत पुरेसे संरक्षण तयार होत नाही, म्हणून 16 ते 24 महिन्यांदरम्यान दुसरा डोस असतो. मूल चालू-बोलू लागले की नेमका तोच विसरला जातो.

काही पालक खासगी डॉक्टरांकडे टोचण्यासाठी औषध दुकानातून लस विकत घेतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात ती साध्या पिशवीतून घेऊन जातात. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच टिकते. सोलापुरात त्या दिवसांत पारा 40 च्या वर असतो. शक्यतो डॉक्टरांच्या शीतपेटीतलीच लस घ्यावी. सरकारी कुपीवर वर्तुळात एक चौकोन असतो, उष्णता लागली की तो गडद होतो. तो वर्तुळापेक्षा फिकट असेल तरच लस वापरण्याजोगी असते, आणि तो दाखवा असे परिचारिकेला सांगण्यात संकोच बाळगू नये.

लसीने स्वमग्नता (ऑटिझम) येते, ही भीती 1998 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या एका लेखातून पसरली. तो लेख 2010 मध्ये मागे घेण्यात आला आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांत असा संबंध आढळला नाही. स्वमग्नतेची लक्षणे साधारण लसी देण्याच्याच वयात दिसू लागतात, त्यामुळे गैरसमज होणे समजण्यासारखे आहे. अशा शंका घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर न सोडवता कागदावर लिहून बालरोगतज्ज्ञांपुढे ठेवाव्यात.

लस दिल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबावे. घरी आल्यावर बाळाला झटके आले, श्वास लागला, चेहरा सुजला, ते तीन तासांहून अधिक एकसारखे रडत राहिले किंवा निपचित पडले, तर सकाळची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात न्यावे आणि पुस्तिका सोबत ठेवावी.