डेस्कटॉपची रॅम घेताना खोक्यावरचा आकडा नको, लेबल वाचा

कॉम्प्युटर रेंगाळतोय म्हणून रॅम घ्यायला निघाला असाल तर आधी पाच मिनिटं टास्क मॅनेजर उघडून बसा. रोजचं सगळं चालू ठेवा. टॅली, ब्राउझरचे दहा-बारा टॅब, व्हॉट्सअ‍ॅप वेब. मग ‘परफॉर्मन्स’मध्ये मेमरी बघा. ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर अडकून बसली असेल तर रॅम कमी पडतेय. मेमरी निम्मीच भरलीय आणि डिस्क मात्र सारखी शंभर टक्क्यांवर, असं असेल तर रॅम घेऊन काही होणार नाही. जुनी हार्ड डिस्क काढा, एसएसडी टाका आणि हा लेख इथेच सोडून द्या.

किती घ्यायची यावर फार चर्चा नको. टॅली, जीएसटी आणि ई-मेल एवढंच काम असेल तर ८ जीबी भागते. आज नवीन मशीन बांधताय तर १६. फ्लेक्स आणि लग्नाच्या अल्बमचं डिझाइन करणारे, व्हिडिओ एडिटिंगवाले यांना ३२. पतसंस्थेच्या काउंटरवर ३२ जीबी बसवून देणारा तुमचं भलं करत नाहीये. आणखी एक तपासा: जुन्या मशीनवर अजून ३२ बिटचं विंडोज सापडतं. ते ४ जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही. तिथे आधी ६४ बिटचं विंडोज टाका, रॅमचं नंतर.

मदरबोर्ड काय घेतो ते बघा

डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या पिढ्या. तिन्हींची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. जोर लावून बसवणारे महाभाग भेटतात, त्यांच्यापासून मशीन लांब ठेवा. सीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं की बोर्डाचं नाव, रॅमची जात आणि सध्याच्या स्टिकची, म्हणजे रॅमच्या पट्टीची, माहिती मिळते. इंटेलच्या चौथ्या जनरेशनपर्यंतची नेहमीची डेस्कटॉप मशीनं डीडीआर३वर चालतात. सहावीपासून डीडीआर४ रुळली. एएमडीमध्ये एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) म्हणजे डीडीआर४ आणि २०२२ला आलेलं एएम५ म्हणजे फक्त डीडीआर५. घोळ होतो तो इंटेलच्या बारा, तेरा आणि चौदा जनरेशनला. तोच प्रोसेसर, पण एक बोर्ड डीडीआर४ मागतो आणि दुसरा डीडीआर५. तिथे प्रोसेसरचं नाव सांगून रॅम मागू नका, बोर्डाचं सांगा.

स्लॉट किती आणि कमाल क्षमता किती, हे बोर्डाच्या माहितीपत्रकात असतं. एच६१ आणि एच८१ बोर्डांना दोनच स्लॉट आणि एकूण १६ जीबीची मर्यादा. त्यावर १६ जीबीची एक स्टिक शोधत फिरू नका.

वेगाचे पैसे कुठे वाया जातात

“साहेब, ३६०० घ्या, मशीन पळेल,” असं काउंटरवर हमखास ऐकू येतं. पळणार नाही. इंटेलच्या सहाव्या जनरेशनला डीडीआर४चा अधिकृत वेग २१३३ आहे आणि सातव्याला २४००. आठव्या-नवव्या जनरेशनच्या आय३ला २४०० आणि आय५ला २६६६. दहाव्या जनरेशनच्या आय३, आय५लाही २६६६च. एच३१० किंवा एच४१०सारख्या स्वस्त बोर्डावर यापुढे जाता येत नाही. म्हणजे आठव्या जनरेशनच्या आय३मध्ये ३६००ची स्टिक घातली तरी ती २४००नेच चालणार. वरचे पैसे गेले कृष्णेत. २६६६ आणि ३२०० यांच्या किमतीत फरक नसेल तर मात्र ३२०० घ्या. ती मुकाट्याने खालच्या वेगावर चालते आणि पुढच्या मशीनला कामाला येते.

ज्या स्टिकवर ३६०० किंवा ६००० छापलेलं असतं, तो वेग आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी (एएमडीच्या डीडीआर५ला एक्स्पो) नावाचं प्रोफाइल चालू करावं लागतं. नाही केलं तर स्टिक आपल्या मूळ वेगावर चालत राहते आणि मालक ३६००च्या समाधानात वर्षानुवर्षं राहतो.

सीएल म्हणजे लेटन्सीचा, मागितल्यावर उत्तर द्यायला रॅम जो वेळ घेते त्याचा, आकडा. तो एकटा वाचू नका. सीएलला २०००ने गुणा आणि वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदात येतं. ३२००ची सीएल१६ म्हणजे १० आणि ३६००ची सीएल१८ म्हणजेही १०, मग जास्त पैसे कशाला? ३२००ची सीएल२२ येते १३.७५. डीडीआर५मध्ये ६०००ची सीएल३० परत १०वर येते, ५६००ची सीएल४६ साधारण १६.४वर. गेम खेळणाऱ्याने हा हिशेब करावा. टॅलीवाल्याने करू नये, त्याला फरक कळणारसुद्धा नाही. दिवे लागणारी रॅम कुणी घ्यावी याबद्दल मला मत नाही. पण “सांगलीत उन्हाळा कडक, हीटसिंकवाली (उष्णता काढणाऱ्या पत्र्याची) घ्या” हा सल्ला ऐकू नका. साध्या वेगाची डीडीआर४ स्टिक १.२ व्होल्टवर चालते, तिला उघडं राहून काही होत नाही.

जुन्या मशीनसाठी डीडीआर३: इथे सावकाश

या पायरीने मला जेवढं रडवलंय तेवढं बाकीच्या सगळ्यांनी मिळून नाही. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून निघालेली तिसऱ्या-चौथ्या जनरेशनची ब्रँडेड मशीनं पतसंस्थांत, सेवा केंद्रांत, क्लासेसमध्ये ढिगाने आहेत. त्यांना ८ जीबीची डीडीआर३ स्टिक हवी असते. मग ऑनलाइन कुठेतरी ती अर्ध्या किमतीत दिसते, माणूस खूश होऊन मागवतो, बसवतो, आणि मशीन चालूच होत नाही. नुसते बीप, स्क्रीन काळा. जुनी स्टिक परत घातली की सगळं सुरळीत. दुकानात नेलं तर दुकानदार आपल्या मशीनवर तीच स्टिक लावून दाखवतो आणि ती चालते. मग निष्कर्ष निघतो, ‘तुमचा बोर्ड गेला’.

बोर्ड गेलेला नसतो. प्रोसेसर रॅमशी एका वेळी ६४ बिटांनी बोलतो. ते ६४ बिट चिपांमध्ये वाटलेले असतात. नेहमीच्या डेस्कटॉप स्टिकवरची प्रत्येक चिप ८ बिटांची असते, म्हणून आठ चिपांचा एक गट होतो. ८ जीबीच्या चांगल्या डीडीआर३ स्टिकवर असे दोन गट, म्हणजे सोळा चिपा. लेबलवर ते ‘२आर×८’ असं छापतात, दोन गट आणि आठ-आठ बिटांच्या चिपा. ती स्वस्तातली स्टिक मात्र ४ बिटांच्या चिपांची असते. सोळा चिपांचा मिळून एकच गट, ‘१आर×४’. इंटेलचे त्या काळचे डेस्कटॉप प्रोसेसर या चिपा चालवत नाहीत, एएमडीचे चालवतात. दुकानदाराचं मशीन एएमडीचं होतं, एवढंच. विक्रेते बारीक अक्षरात ‘फक्त एएमडीसाठी’ लिहितातही. ते वाचतो कोण?

आणि म्हणूनच ‘चिपा मोजून घ्या, सोळा असल्या की बिनधास्त’ हा सल्ला मला सहन होत नाही. सोळा चिपा दोन्हींवर असतात! डोळ्यांनी दोन्ही स्टिक सारख्याच दिसतात. मार्केट यार्डात पोत्यावरचं नाव वाचून कुणी हळद घेतं का? कांडी मोडून आतला रंग बघतात. इथेही वरचं स्टिकर सोडून चिपांवरची अक्षरं वाचा. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून फोटो काढला की दिसतात. सॅमसंगच्या ४ गिगाबिटच्या चिपवर ‘४जी’च्या पुढचे दोन आकडे ०८ असतील तर ती ८ बिटांची, ०४ असतील तर ४ बिटांची. हायनिक्सच्या चिपवर ‘४जी’नंतरचा पहिला आकडा बघा: ८ चांगला, ४ असेल तर स्टिक खाली ठेवा. चिपांवरची अक्षरं घासून पुसलेली असतील तर विचारपूसही करत बसू नका.

उलटा प्रकारही आहे. ८ जीबीची स्टिक आणि चिपा आठच. या ८ गिगाबिटच्या दाट चिपा चौथ्या जनरेशनपर्यंतच्या इंटेलला पेलत नाहीत. थोडक्यात, या मशीनला ८ जीबी घेताना २आर×८ आणि ४ जीबी घेताना १आर×८ किंवा २आर×८. दुसरं काही नको. व्होल्टेजचं एवढंच की १.३५ व्होल्टची डीडीआर३एल ही १.५ व्होल्टच्या बोर्डावरही चालते, ती दिसली तर घाबरू नका.

सर्व्हरमधून काढलेली रॅमही याच ढिगात मिसळलेली असते. लेबलवर ‘पीसी३-१२८००’सारखा आकडा असतो. त्याला आठाने भागलं की १६०० हा वेग मिळतो आणि त्याच्या शेवटचं अक्षर जात सांगतं. यू म्हणजे साधी डेस्कटॉपची, एस लॅपटॉपची, आर सर्व्हरची. आर तुमच्या मशीनमध्ये चालणार नाही, फुकट मिळाली तरी.

सांगलीपुरती एक सूचना. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या महापुरात तळमजल्यावरची किती दुकानं-ऑफिसं पाण्यात होती हे सांगायला नको. सेकंड हँड स्टिक घेताना सोनेरी दातांवर हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी खूण दिसते का बघा. नुसती धूळ-काळपट असेल तर खोडरबरने निघते. हिरवं असेल तर रबरही नको आणि स्टिकही नको.

या मशीनवर किती खर्च करायचा याची मर्यादा मनात ठेवा. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला इंटेलची आठवी जनरेशन तरी लागते. त्यामुळे डीडीआर३ घ्यायची तर सेकंड हँडच, ओळखीच्या काउंटरवरून, आणि कॅबिनेट सोबत नेऊन तिथेच चालू करून. अनोळखी नावाची, चकचकीत स्टिकरची ‘नवी’ डीडीआर३ मी कुणाला सुचवत नाही.

एक की दोन

दोन सारख्या स्टिक घातल्या की दोन्ही चॅनेल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधले दोन्ही रस्ते, चालतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक डोळ्याला दिसतो, कारण स्क्रीनचं कामही याच रॅमवर चालतं. एएमडीच्या ५६००जीसारख्या, ग्राफिक्स आतच असलेल्या रायझन प्रोसेसरला १६ची एक स्टिक देण्यापेक्षा ८च्या दोन द्या. आत्ता पैसे एकीपुरतेच असतील तर एक घ्या, तिच्या लेबलचा फोटो काढून ठेवा आणि पुढे तसलीच शोधा. ‘वेगळ्या कंपनीच्या दोन चालतच नाहीत’ हे खोटं आहे. साध्या वेगावर बहुतेक वेळा चालतात, फक्त दोघी हळू असलेलीच्या चालीने जातात. ४ आणि ८ अशी विजोड जोडीही इंटेलवर चालते, ४ आणि ४ जोडीने आणि उरलेली एकटी. एक्सएमपीच्या वेगाला मात्र एकाच पाकिटातली जोडी घ्या.

डीडीआर४च्या ८ जीबी स्टिकवर चारच चिपा दिसल्या, म्हणजे १आर×१६, तर त्याच किमतीतली आठ चिपांची मागा. चार चिपांच्या स्टिकमध्ये आतले बँक-गट (माहिती ठेवायच्या कप्प्यांचे गट) निम्मे असतात आणि ती थोडी मागे पडते. डीडीआर५मध्ये ८ जीबीच्या बहुतेक स्टिक अशाच असतात, म्हणून तिथे १६पासूनच सुरुवात करा.

दर, बिल, खरेदी

२०२५च्या शेवटाकडे रॅमचे दर सगळीकडे चढले. चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आपला माल एआयच्या सर्व्हरकडे वळवला. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने तर ग्राहकांसाठीचा क्रुशियल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे ‘पुढे लागेल’ म्हणून जादा जीबी घेऊन ठेवण्याचे हे दिवस नव्हेत. आज लागेल तेवढी घ्या आणि एक स्लॉट मोकळा ठेवा. किमतीची तुलना दर जीबीमागे करा. डीडीआर४ सेकंड हँड घ्यायला हरकत नाही, फक्त वरची सगळी तपासणी तिलाही लागू. जुनी स्टिक बदलून देत असाल तर तिची किंमत आधी ठरवा, नवीचं बिल झाल्यावर नाही.

नवी रॅम मी स्वतः सांगलीतूनच घेतो. ऑनलाइन दोनशे-तीनशे रुपये कमी दिसले तरी, न जुळल्यास संध्याकाळपर्यंत बदलून मिळण्याला किंमत आहे. पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेली स्टिक बदलायला परत पुण्याला कोण जाणार? बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. ‘लाइफटाइम वॉरंटी’ असं नुसतं तोंडी सांगत असतील तर ती कंपनीची की दुकानाची, आणि स्टिक पाठवायची कुणी, हे तिथेच विचारा.

बसवणं सोपं आहे. वायर काढा, खाच जुळवा, क्लिप वाजेपर्यंत दाबा. चार स्लॉट असतील तर दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात.

त्यानंतर टास्क मॅनेजरमध्ये जीबी आणि वेग दोन्ही बरोबर दिसतात का बघा आणि त्याच रात्री रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ हे सॉफ्टवेअर लावून झोपा. लाइट जाण्याचा भरवसा नसेल तर यूपीएसवर. सकाळी एक जरी एरर दिसली तरी ‘एकच तर आहे’ म्हणू नका. दोन स्टिक असतील तर एकेक वेगळी लावून कुठली खराब ते शोधा आणि दुकान उघडताच बिलासकट परत द्या.