पायथनच्या टेस्ट सूटमधला हेल्पर कोड कसा सांभाळायचा

पायथनचा सोर्स गिटहबवरून उतरवला की त्यात लिब नावाचं फोल्डर असतं, त्याच्या आत टेस्ट आणि त्याच्याही आत सपोर्ट. नागपूरची जी पोरं ओपन सोर्समध्ये काम करायचं म्हणतात, मग ती हिंगणा रोडच्या कॉलेजातली असोत की मिहानमध्ये नोकरीला लागलेली, त्यांना मी आधी हेच फोल्डर उघडायला सांगतो. इंटरप्रीटरचा, म्हणजे पायथन चालवणाऱ्या प्रोग्रामचा, सी कोड समजायला वेळ लागतो, हे मात्र साधं पायथन आहे आणि शेकडो टेस्ट फाईली याच्या भरवशावर चालतात. टेम्पररी फाईल बनवणं, नेटवर्कचा रिकामा पोर्ट मिळवणं, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून परत जागेवर ठेवणं, स्क्रीनवर छापलेलं पकडणं, ही कामं दर टेस्टमध्ये नव्याने लिहायला नको म्हणून हा मदतीचा कोड, म्हणजे हेल्पर, आहे.

एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात ठेवा. टेस्ट चुकली तर लाल दिसते, कोणीतरी येऊन पाहतं. हेल्पर चुकला तर बरेचदा सगळं हिरवंच दिसतं, कारण टेस्ट तपासायचंच सोडून देतात. खालची सगळी खटपट त्याच्यासाठीच आहे.

१. आधी चालवून पाहा, आणि स्किपची यादी वाचा

पायथन स्वतः बिल्ड करा, कॉन्फिगर करताना विथ-पायडीबग (डीबग बिल्डचा) हा पर्याय द्या, मग त्याच पायथनने टेस्ट मॉड्यूल चालवा. शेवटी पास-फेलचा आकडा येतो तिथे थांबू नका, कोणत्या टेस्ट स्किप झाल्या, म्हणजे न चालवताच सोडल्या, ते पाहा. नव्या उबंटूवर ओपनएसएसएल या सुरक्षित कनेक्शनच्या लायब्ररीच्या हेडर फाईली नसतात, त्यामुळे एसएसएल मॉड्यूल बनतच नाही, आणि इम्पोर्ट हेल्परमधलं इम्पोर्ट-मॉड्यूल हे फंक्शन मॉड्यूल सापडलं नाही की टेस्ट फेल करत नाही, स्किप करतं. म्हणजे एसएसएलचं काहीच तपासलं गेलं नाही आणि तुम्हाला वाटते सगळं बराबर चालून राहिलं. याच फंक्शनला रिक्वायर्ड-ऑन असा एक पर्याय आहे, त्यात प्लॅटफॉर्मची नावं दिली की तिथे मॉड्यूल नसणं हा फेल धरला जातो. नवा हेल्पर लिहिताना स्किप करायचं की फेल करायचं हा प्रश्न दर वेळी स्वतःला विचारा, सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे.

२. कोण वापरतंय ते शोधा

गिट ग्रेप (गिटची शोधायची कमांड) मारा, पण फक्त टेस्ट फोल्डरात नाही, पूर्ण रेपोत, म्हणजे उतरवलेल्या सगळ्या सोर्समध्ये. पायथनसोबत येणाऱ्या आयडल एडिटरच्या टेस्ट आयडल-लिबच्या आत राहतात आणि त्याही हाच सपोर्ट वापरतात, हे पुष्कळ जण विसरतात. डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलं आहे की हे पॅकेज पायथनच्या अंतर्गत वापरासाठी आहे, त्यामुळे नाव बदलायची मोकळीक आहे खरी, पण पायपायसारखे दुसरे इंटरप्रीटरही याच टेस्ट घेऊन चालवतात. तिथे रेफरन्स काउंटिंग (ऑब्जेक्ट किती जागी वापरात आहे ते मोजणं) नाही, ऑब्जेक्ट लगेच मरत नाही, म्हणूनच सपोर्टमध्ये वेगळं जीसी-कलेक्ट फंक्शन आहे जे कलेक्शन, म्हणजे मेलेल्या ऑब्जेक्टची साफसफाई, एकदा नाही, अनेकदा चालवतं. ते पाहून "एवढ्यांदा काऊन?" असं वाटून एक ओळ उडवू नका.

३. योग्य फाईलीत ठेवा

पूर्वी सगळं एकाच मोठ्या फाईलीत होतं, छोटीशी टेस्टसुद्धा सपोर्ट इम्पोर्ट करून ढीगभर मॉड्यूल ओढून आणायची. म्हणून पायथन ३.९ मध्ये सॉकेट हेल्पर आणि ३.१० मध्ये ओएस, इम्पोर्ट, थ्रेडिंग, वॉर्निंग्ज असे हेल्पर वेगळे काढले. तुमचं फंक्शन ज्याचं आहे त्याच फाईलीत जाऊ द्या, आणि जड मॉड्यूल लागत असेल तर ते फंक्शनच्या आत इम्पोर्ट करा. एकाच टेस्ट फाईलीला लागणारं असेल तर सपोर्टमध्ये आणूच नका.

४. लिहिताना

जे बदललं ते परत ठेवा, टेस्ट मधेच फुटली तरी. म्हणजे कॉन्टेक्स्ट मॅनेजर आणि ट्राय-फायनली, काहीही झालं तरी शेवटची आवराआवर करणाऱ्या पायथनच्या सोयी. टेस्ट चालवणारा रनर प्रत्येक टेस्ट फाईलीच्या आधी आणि नंतर चालू डिरेक्टरी, एन्व्हायर्नमेंट वगैरे ताडून पाहतो, फरक दिसला की "एन्व्ह चेंज्ड" म्हणतो.

फाईलचं नाव हाताने लिहू नका, ओएस हेल्परचं टेस्ट-एफएन वापरा, त्यात प्रोसेसचा आयडी असतो म्हणून समांतर चालणाऱ्या टेस्ट एकमेकांच्या फाईली उडवत नाहीत. पोर्टचंही तेच. सर्व्हर पायथनमध्येच उघडत असाल तर बाइंड-पोर्ट घ्या, कारण फाइंड-अनयूज्ड-पोर्ट सॉकेट बंद करून फक्त नंबर देतं आणि तेवढ्यात तो पोर्ट दुसरं कोणी घेऊ शकतं.

वेळेबद्दल जरा जास्त सांगतो. "२ सेकंद पुरे" असं लिहायचा मोह होतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि सकाळी पास झालेली टेस्ट दुपारी फेल होते, अन् जगभरातल्या बिल्डबॉटमध्येही (आपोआप टेस्ट चालवणाऱ्या मशीनींमध्ये) हळू मशीनी आहेतच. म्हणून सपोर्टमधले ठरलेले आकडे वापरा, शॉर्ट टाइमआउट ३० सेकंदांचा आहे, लाँग ५ मिनिटांचा. आणि काहीतरी घडायची वाट पाहायची असेल तर नुसतं स्लीप टाकू नका, स्लीपिंग-रीट्राय आहे, अट पूर्ण झाली की लूपमधून बाहेर पडता येतं आणि वेळ संपली तर एरर देतं.

भारतात बसून लिहिणाऱ्याला आणखी एक सांभाळावं लागतं. आपली वेळ वर्षभर यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटं पुढे, घड्याळ मागेपुढे होत नाही, त्यामुळे उन्हाळी वेळेच्या चुका आपल्या मशीनवर दिसतच नाहीत. टेस्टपुरता टाइमझोन बदलणारं रन-विथ-टीझेड लावून न्यूयॉर्कची वेळ घालून पाहा. उलट अर्ध्या तासाच्या फरकाने फुटणारा कोड आपल्यालाच आधी सापडतो, तो नक्की कळवा. तसंच विंडोजवर अकाउंटचं नाव मराठीत असेल तर होम फोल्डरचा रस्ता देवनागरीत येतो, तिथे एकदा चालवून बघाच.

५. हेल्परची टेस्ट लिहा

टेस्ट-सपोर्ट नावाची फाईल आहेच. तिथे किमान दोन टेस्ट हव्या: हेल्पर जिथे पास व्हायला पाहिजे ती, आणि जिथे त्याने ओरडायलाच पाहिजे ती. दुसरी बहुतेक पीआरमध्ये (पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल घ्या म्हणून पाठवलेली विनंती) नसते, मी रिव्ह्यू करतो तेव्हा पहिले तीच शोधतो. त्यानंतर मुख्य कोड मुद्दाम मोडा, म्हणजे ज्या फंक्शनच्या टेस्ट तुमच्या हेल्परवर चालतात त्याचा रिटर्न बदलून टाका, आणि टेस्ट लाल होतात का पाहा. नाही झाल्या तर हेल्पर तिथेच थांबवा, पुढे पाठवू नका.

६. पाठवण्याआधी

एकदा सगळ्या कोअर वापरून समांतर, एकदा उलटसुलट क्रमाने, आणि एकदा रेफरन्स गळती शोधणाऱ्या मोडमध्ये चालवा, तो मोड तीच टेस्ट परत परत चालवून मेमरीत काही उरतं का पाहतो. हेल्परमधला बदल आणि टेस्टमधला बदल वेगळ्या पीआरमध्ये ठेवा. रिव्ह्यूला सोपं जातं हे एक, आणि जुन्या ब्रँचमध्ये, म्हणजे आधीच्या आवृत्तीत, बदल नेताना (बॅकपोर्ट) दुसरं, कारण ३.१३ मध्ये तुमचा नवा हेल्पर नसेल तर पुढे त्याच्यावर लिहिलेली प्रत्येक टेस्ट तिकडे नेताना अडकते. म्हणून पीआरच्या वर्णनात कोणत्या ब्रँचपर्यंत न्यायचं ते आधीच लिहा.