नेट पुरवून वापरायचंय? मग स्वतःचा कॉम्प्रेस करणारा प्रॉक्सी असा लावा

पहिल्यांदा हे करायला घेतलं तेव्हा मी प्रॉक्सी (ब्राउझर आणि साइट यांच्या मधला मध्यस्थ प्रोग्राम) टाकला कुठे, तर माझ्याच लॅपटॉपवर. दोन दिवस खूश होतो, फोटो जरा अंधुक दिसतायत म्हणजे काम होतंय असं वाटायचं, मग डेटा मोजला तर एक एमबी सुद्धा वाचला नव्हता. कसा वाचणार? फोटो आधी पूर्ण साइजमध्ये माझ्या लाइनवरून घरात येत होता आणि मग घरात आल्यावर बारीक होत होता. म्हणून सगळ्यात आधी हे डोक्यात बसवा की प्रॉक्सी बारीक लाइनच्या पलीकडच्या टोकाला पाहिजे, जिथे नेट भरपूर आहे तिथे. म्हणजे भाड्याचा छोटा व्हीपीएस (कंपनीकडून नेटवरून भाड्याने मिळणारा आभासी सर्व्हर), किंवा चांगलं कनेक्शन असलेल्या जागी कायम चालू राहणारं एखादं मशीन. तो पान ओढणार, फोटो चेपणार आणि चेपलेला माल तुमच्याकडे पाठवणार. सर्व्हर शक्यतो जवळच्या भागातला घ्या, नाहीतर डेटा वाचेल पण प्रत्येक क्लिकला वाट बघत बसाल. आणि व्हीपीएसवर डेटाची लिमिट असेल तर तीही बघून ठेवा, तिकडे येणारा आणि जाणारा असा दोन्ही धरतात का ते.

आता वाचतं काय, तर मुख्यतः फोटो. एचटीएमएल, सीएसएस वगैरे, म्हणजे पानाचा मजकूर आणि मांडणी, बहुतेक साइट्स आधीच जीझिप नाहीतर ब्रॉटली या पद्धतींनी चेपून पाठवतात, त्यात परत चेपायला फारसं काही उरत नाही. व्हिडिओचं तर विसराच, तो आधीच कॉम्प्रेस्ड असतो, तिथे प्लेअरमध्ये जाऊन रिझोल्यूशन कमी करणं हाच उपाय.

पूर्वी हे सोपं होतं कारण साइट्स साध्या एचटीटीपीवर असायच्या. झिप्रॉक्सी नावाचं सॉफ्टवेअर टाकायचं, त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये इमेज क्वालिटीचे आकडे द्यायचे, ब्राउझरमध्ये पोर्ट (प्रोग्राम ज्या नंबरवर ऐकतो तो) ८०८० टाकायचा, झालं. क्रोममध्ये तर डेटा सेव्हर आयताच मिळायचा, तो मार्च २०२२ मध्ये बंद केला. आता जवळपास सगळं एचटीटीपीएस, म्हणजे एन्क्रिप्ट केलेलं, आहे आणि तिथे साध्या प्रॉक्सीला फक्त साइटचं नाव कळतं, आतलं काहीच दिसत नाही, त्यामुळे झिप्रॉक्सी नुसता पोस्टमनसारखा बंद पाकीट इकडून तिकडे देतो.

पाकीट उघडायचं असेल तर प्रॉक्सीकडे स्वतःची सर्टिफिकेट अथॉरिटी, म्हणजे सीए (साइट खरी आहे असं सर्टिफिकेट देणारी), लागते आणि तुमच्या ब्राउझरने त्या सीएवर विश्वास ठेवावा लागतो. यासाठी मी कॉम्पी वापरतो, गो भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्राम आहे, ब्राउझरला वेबपी चालत असेल तर फोटो वेबपी (कमी जागेत बसणारा फोटोचा फॉरमॅट) करून देतो. सर्व्हरवर ओपनएसएसएल नावाचं टूल वापरून सीएची की (गुप्त किल्ली) आणि सर्टिफिकेट अशा दोन फाइल्स बनवा, २०४८ बिटची आरएसए की पुरते. मुदत मात्र दहा वर्षांची देऊ नका, एक वर्ष बास. मग कॉम्पी सुरू करताना चार गोष्टी सांगायच्या: कुठल्या पत्त्यावर ऐकायचं, सीएचं सर्टिफिकेट कुठे आहे, त्याची की कुठे आहे आणि जेपेगची क्वालिटी किती. क्वालिटी ५० पासून सुरुवात करा. मी हावरटपणा करून २० ठेवली होती, तर स्क्रीनशॉटमधली अक्षरंच वाचता येईनात आणि तोच फोटो परत प्रॉक्सी बंद करून उघडायला लागायचा, म्हणजे डबल डेटा.

ऐकायचा पत्ता १२७.०.०.१ च ठेवा, म्हणजे फक्त त्याच मशीनवरून पोचता येईल असा, पोर्ट ९९९९. उघड्या इंटरनेटवर प्रॉक्सी सोडलात तर स्कॅन करत फिरणारे बॉट्स लवकरच शोधून काढतात आणि तुमच्या नावावर नको ते उद्योग चालू होतात. मग आपण कसं पोचायचं? एसएसएच, म्हणजे सर्व्हरशी सुरक्षित जोडणी, तिच्या लोकल फॉरवर्डने, लॅपटॉपचा ९९९९ पोर्ट सर्व्हरच्या ९९९९ ला जोडायचा. एसएसएचचं स्वतःचं कॉम्प्रेशन चालू करायची गरज नाही, आधीच चेपलेल्या फोटोंवर त्याचा काही उपयोग होत नाही.

लॅपटॉपवर फायरफॉक्समध्ये नवीन प्रोफाइल बनवा, फक्त या कामासाठी. फायरफॉक्सचा सर्टिफिकेटचा साठा प्रत्येक प्रोफाइलचा वेगळा असतो, त्यामुळे तुमची सीए त्या एकाच प्रोफाइलमध्ये राहते आणि बँक, मेल वगैरे नेहमीच्या प्रोफाइलमधून प्रॉक्सीशिवाय उघडता येतात. हे खरंच पाळा, कारण प्रॉक्सीमधून जे जातं ते सर्व्हरवर क्षणभर उघडं होतं, पासवर्डसकट. म्हणूनच दुसऱ्या कोणाचा फुकट कॉम्प्रेस प्रॉक्सी आणि त्याची सीए कधीच टाकू नका, कितीही डेटा वाचू दे.

नवीन प्रोफाइलच्या नेटवर्क सेटिंगमध्ये मॅन्युअल प्रॉक्सी निवडा, १२७.०.०.१ आणि ९९९९ टाका, एचटीटीपीएससाठी पण हाच वापर अशी टिक असते ती करायला विसरू नका (निम्मे लोक इथेच अडकतात). मग सर्टिफिकेट्समध्ये अथॉरिटीज टॅबवर सीएची सर्टिफिकेट फाइल इम्पोर्ट करा. फक्त सर्टिफिकेट हं, की सर्व्हरवरच राहू दे.

चालतंय का बघायला एखादी फोटोवाली साइट उघडा, कुलूप क्लिक करून सर्टिफिकेट कोणी दिलंय बघा, तुमच्या सीएचं नाव दिसलं पाहिजे. मग डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये खाली किती डेटा आला तो आकडा असतो, कॅश (ब्राउझरने आधीच साठवलेल्या फाइल्स) बंद करून तेच पान प्रॉक्सीसकट आणि प्रॉक्सीशिवाय लोड करा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा.

फोनवर हे जरा रडकं प्रकरण आहे. अँड्रॉइड ७ पासून ॲप्स तुम्ही टाकलेल्या सीएवर आपोआप विश्वास ठेवत नाहीत, त्यामुळे फायदा झालाच तर ब्राउझरपुरता, आणि वायफायची प्रॉक्सी सेटिंग मोबाइल डेटाला लागू होत नाही ते वेगळंच. फोनसाठी मी यात पडतच नाही, फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकतो आणि त्यात ठराविक केबीपेक्षा मोठे मीडिया अडवायचा पर्याय आहे तो चालू करतो, हवा तो फोटो टॅप करून उघडायचा. खरं तर लॅपटॉपवर पण आधी हेच करून बघा, जाहिरातीच गेल्या तर कदाचित प्रॉक्सीची गरजच पडणार नाही.

आणि कधी कंटाळा आला, व्हीपीएस सोडायचं ठरवलं, तर आधी सर्व्हरवरची सीएची की पुसा आणि ते प्रोफाइल उडवा, मग सर्व्हर बंद करा.