पावसाळ्यात पियानोची पट्टी अडकली तर

जुन्या उभ्या पियानोची पट्टी दाबल्यावर खालीच राहिली, तर आधी तेलाची बाटली लांब ठेवा. शिलाई मशीनचं तेल पाजलेला एक पियानो मी उघडून पाहिलाय. तेल फेल्टमध्ये (दाबून केलेल्या लोकरी कापडात) मुरून तारांवर आपटणाऱ्या हातोड्या चिकट झाल्या होत्या, आणि मुरलेलं तेल काही निघत नाही.

दोष नेमका कुठे आहे ते शोधा. वरचं झाकण उघडून पट्टी दाबा आणि सोडा. पट्टी वर आली पण हातोडी रेंगाळली, तर हातोडीच्या सांध्यातली पिन आवळलीय. ते काम कारागिराचं. पट्टीच वर येत नसेल तर ती डावीउजवीकडे हलवून बघा. चांगली पट्टी अगदी किंचित हलते. अजिबात हलली नाही, तर ती ज्या पिनेवर बसते त्या भोकाच्या आतलं कापड दमट हवेने फुगलंय. मुंबई-गोव्याकडे जुलैत हे हमखास. (कधी कधी मात्र दोन पट्ट्यांमध्ये नुसतं नाणं अडकलेलं असतं, म्हणून टॉर्च मारून बघाच.)

फुगलेलं कापड कानशीने घासू नका. ते खास पकडीने हलकेच दाबतात. त्यासाठी पट्टी काढावी लागते, आणि त्याआधी हातोड्यांचा अख्खा सांगाडा बाहेर घ्यावा लागतो. बहुतेक पट्ट्यांवर क्रमांक असतो, तरी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दाबायचं तेही कमीत कमी. जास्त दाबलं की डिसेंबरच्या कोरड्या हवेत तीच पट्टी खडखडायला लागते.