लांचौला राहायला जाणाऱ्यांसाठी

शांघाय-बीजिंगची घरभाडी ऐकून चीनला जायचा विचार सोडणाऱ्यांनी एकदा आतल्या भागातली शहरं बघावीत. गान्सू प्रांताची राजधानी लांचौ त्यातलं एक. पीत नदीच्या दोन्ही काठांनी पूर्व-पश्चिम पसरलेलं, डोंगरांच्या कुशीतलं हे लांबट शहर सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे. विद्यापीठ नावाजलेलं, मेट्रो आहे, शिआनला वेगवान रेल्वे जाते आणि खर्च बेताचा. मात्र इथे परदेशी माणूस कमी दिसतो. खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याने भारतीय पासपोर्ट पहिल्यांदाच हातात घेतलेला असू शकतो. म्हणून नियम आणि कामांचा क्रम आपल्यालाच पाठ हवा. इथे पैसे वाचतात, पण त्याबदल्यात तयारी लागते.

१८० दिवसांपेक्षा जास्त शिकायचं असेल तर एक्स-१ व्हिसा लागतो. तो फक्त देशात शिरण्यापुरता. पोचल्यापासून ३० दिवसांत रेसिडेन्स परमिटसाठी अर्ज करायचा असतो. प्रवेशपत्र, विद्यार्थी व्हिसाचा जेडब्ल्यू-२०२ फॉर्म (सरकारी शिष्यवृत्ती असेल तर जेडब्ल्यू-२०१) आणि वैद्यकीय तपासणीचे मूळ रिपोर्ट तेव्हा पुन्हा मागतात. ही कागदपत्रं चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. रक्ततपासणी आणि एक्स-रे यांचे मूळ रिपोर्ट नसतील तर सगळी तपासणी तिथे पैसे भरून नव्याने करावी लागू शकते.

फोनची तयारी भारतातूनच करा. चीनमध्ये गूगल, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, इन्स्टाग्राम चालत नाहीत. उलट तिथे निरोप आणि पैशांसाठी लागणाऱ्या वीचॅट आणि अलीपे या दोन्ही अ‍ॅपवर भारतात २०२०पासून बंदी आहे, त्यामुळे ती भारतातल्या अ‍ॅप स्टोअरमध्ये मिळत नाहीत. ती चीनमध्ये पोचल्यावर, तिथल्या नंबरवर सुरू करायची. वीचॅटचं नवं खातं उघडताना एखाद्या जुन्या खातेदाराने क्यूआर कोड स्कॅन करून दुजोरा द्यावा लागू शकतो; विद्यापीठातला कोणी सीनियर आधीच गाठून ठेवा. भारतीय सिम रोमिंगसह चालू ठेवा, नाहीतर आपल्या बँकेचा ओटीपी येणार नाही. रोमिंगचा डेटा भारतातल्या कंपनीच्या नेटवर्कमधून फिरून येतो, त्यामुळे त्यावर व्हॉट्सअ‍ॅपही चालतं. घरी खुशाली कळवायला पहिल्या दिवशी तेवढं पुरतं.

पोचल्यावर २४ तासांत पोलीस चौकीत राहण्याच्या जागेची नोंद व्हायला हवी. हॉटेल आपल्या पाहुण्यांची नोंद स्वतः करतं आणि होस्टेलच्या बाबतीत विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थ्यांचं कार्यालय मदत करतं. भाड्याच्या घरात उतरलात तर ती जबाबदारी तुमची. न केल्यास २००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. व्हिसा किंवा परमिटची मुदत संपूनही राहिलात तर दिवसाला ५०० युआन, जास्तीत जास्त १०,००० युआन. नोंदणीची पावती जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक कामात तीच मागतात.

क्रम असा: चौकीतली नोंद, मग सिम, मग बँक, मग पेमेंट अ‍ॅप. एक पायरी वगळली की पुढची अडते, कारण बँकेला चिनी मोबाइल नंबर हवा असतो आणि अ‍ॅपला बँक खातं. परमिटसाठी पासपोर्ट जमा केला की तो परत मिळायला १५ दिवसांपर्यंत लागू शकतात. हातात पावती असते, पण पावतीवर प्रत्येक शाखा खातं उघडतेच असं नाही. म्हणून शक्यतो सिम आणि बँक आधी उरका. काही शाखा परमिट झाल्यावरच या म्हणतात. अशा वेळी दुसरी शाखा गाठावी.

मराठी माणसाला सगळ्यात जास्त त्रास नावाचा होतो. आपल्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि स्वतःचं नाव वडिलांच्या नावासह दुसऱ्या रकान्यात असतं. सिमच्या खिडकीवर कोणी आडनाव शेवटी टाकतो, बँकेत दुसरा ते आधी टाकतो, कुणी दोन नावं सलग जोडतो. मशीन अक्षर न अक्षर, मोकळी जागासुद्धा ताडून बघतं आणि अ‍ॅप खातं जोडायला नकार देतं. उपाय सोपा आहे. पासपोर्टच्या तळाशी बाणांच्या चिन्हांच्या दोन ओळी असतात, त्यातल्या वरच्या ओळीत आडनाव आधी येतं. तोच क्रम, सगळी कॅपिटल अक्षरं, नावांमध्ये एकेक जागा: असं कागदावर लिहून प्रत्येक खिडकीवर तो कागद पुढे करा आणि सही करण्याआधी स्क्रीनवरचं नाव स्वतः वाचा.

बँक खातं होईपर्यंत व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं कार्ड अलीपेला जोडता येतं. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यावर ३ टक्के. पण परदेशी कार्डावरून दुकानदाराला पैसे जातात, व्यक्तीच्या खात्यात जात नाहीत. म्हणजे घरमालकाला भाडं असं देता येत नाही. त्यासाठी रोख जवळ ठेवा.

घर घेताना एक महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ अशी पद्धत आहे. शिवाय एजंटचं कमिशन, बहुधा अर्ध्या ते एका महिन्याच्या भाड्याइतकं. १५०० युआनचं घर धरलं तर सुरुवातीलाच साडेसात हजारांपर्यंत मोजावे लागतात. चिनी सरकारी शिष्यवृत्ती पदवीला महिना २५००, पदव्युत्तरला ३००० आणि पीएचडीला ३५०० युआन आहे. ती हाती पडेपर्यंतची सोय घरून करून जा. अनामत देण्याआधी मालकाला दोन गोष्टी विचारा: परदेशी भाडेकरूच्या नोंदणीसाठी घराच्या मालकीच्या कागदाची आणि ओळखपत्राची प्रत देणार का, आणि हीटिंगचे पैसे कोण भरणार. पहिल्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर ते घर सोडा, कितीही स्वस्त असो. जुन्या सहामजली इमारतींना बहुतेक लिफ्ट नसते, हेही जाऊन बघा.

हीटिंग १ नोव्हेंबर ते ३१ मार्च असतं, इमारतीच्या पाइपांतून. त्यामुळे बाहेर पाणी गोठत असलं तरी घरात पातळ स्वेटर पुरतो. दक्षिणेकडच्या क्वेयांगसारख्या शहरांत असं सरसकट हीटिंग नसतं. नकाशावर उबदार दिसणारी ती शहरं हिवाळ्यात घरात जास्त गारठवतात. लांचौचा त्रास कोरडेपणाचा. ओठ आणि टाचा फुटतात, नाकातून रक्त येऊ शकतं. रेडिएटरवर ओला टॉवेल टाका किंवा ह्युमिडिफायर घ्या. सगळा देश बीजिंगच्या वेळेने चालतो आणि लांचौ बरंच पश्चिमेला आहे, म्हणून डिसेंबर-जानेवारीत सूर्य उगवायला आठ-सव्वाआठ होतात. सकाळचा पहिला तास अंधारात निघून गाठावा लागतो.

जेवणाचं नीट समजून घ्या. गावाचं मुख्य खाणं न्योरौम्येन, म्हणजे बीफच्या रश्श्यातले हाताने ओढलेले नूडल्स. लोक ते सकाळीच खातात. गल्ल्यावर पैसे भरायचे, चिठ्ठी खिडकीत द्यायची आणि नूडलची जाडी सांगायची: माओशी केसासारखे बारीक, अर्शी मध्यम, ताख्वान पट्ट्यासारखे रुंद. बरीच दुकानं दुपारनंतर बंद होतात. बीफ न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, ‘मांस नको’ म्हटलं तर वरचे तुकडे जातात, रस्सा तोच राहतो. अशांसाठी मिरचीच्या तेलातले थंड न्यांगफी नूडल्स, टोमॅटो-अंड्याचे नूडल्स, बटाटा-वांगं-सिमलामिरचीची तीसानश्येन ही भाजी. साध्या हॉटेलात भाजीलाही डुकराची चरबी वापरली जाऊ शकते. ह्वेइ मुसलमानांच्या हलाल खाणावळींत तो प्रश्न नसतो, पण तिथे बीफचा रस्सा विचारून घ्यावा लागतो. कडक शाकाहारी असाल तर इलेक्ट्रिक कुकर, हिंग-हळद आणि डाळी सोबत न्या. बटाटा इथे उत्तम मिळतो.

पासपोर्टची मुदत निघण्यापूर्वी तपासा. अभ्यासक्रमाच्या मध्येच ती संपणार असेल तर शक्य झाल्यास भारतातूनच नवा करून घ्या. तिथे राहून नूतनीकरण केलं तर नंबर बदलतो आणि परमिटमध्ये तो बदल दहा दिवसांत नोंदवावा लागतो. त्यानंतर चौकी, बँक, सिम, रेल्वे तिकिटांच्या १२३०६ या अ‍ॅपवरचं खातं, अलीपे आणि वीचॅट, सगळीकडे जुना नंबर काढून नवा घालायचा. या फेऱ्यांत जुना पासपोर्टही सोबत ठेवा. दोन्ही एकत्र दाखवल्याशिवाय बँक सहसा बदल करत नाही.