बाहेरच्या दिव्यांसाठी नियम करताय? आधी या चुका टाळा

महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं, म्हणजे रात्रीचं आकाश दिव्यांच्या उजेडापासून जपलेली जागा. त्यासाठी जवळच्या गावांतले दिवे बदलून उजेड फक्त खाली टाकणारे बसवले. ते पाहून शहरातही 'सगळे पथदिवे बदला' अशी मागणी होते, आणि गडबड तिथूनच सुरू होते.

शहरात पथदिवे हा एकच भाग. होर्डिंग, पेट्रोल पंप, क्रिकेटचं टर्फ, सोसायटीच्या गच्चीवरचे हॅलोजन, मॉलची दर्शनी भिंत, या सगळ्यांचे मालक वेगळे. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात काही रात्री पथदिवे कमी-जास्त करून उपग्रहातून पाहिलं, तेव्हा मध्यरात्रीनंतरच्या उजेडात त्यांचा वाटा २० टक्क्यांहूनही कमी निघाला. नियम खाजगी जागेला लागू नसेल, तर महापालिकेने सगळे खांब बदलूनही आकाश फारसं काळं होणार नाही.

नियम वॉटमध्ये लिहिणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वॉट म्हणजे वीज किती खाल्ली. उजेड किती पडला ते लुमेन सांगतात. ५०० वॉटच्या जुन्या हॅलोजनइतका उजेड १०० वॉटचा एलईडी सहज देतो. बिल उतरतं, झगमगाट तेवढाच राहतो, आणि वाचलेल्या पैशांत आणखी दोन फोकस लागतात. (हे दोन फोकस बहुतेक सोसायट्यांत आधीच लागलेले असतात!) म्हणून मर्यादा लुमेनमध्ये हवी, तीही भूखंडाच्या क्षेत्रफळानुसार. टूसॉन आणि अमेरिकेतलंच फ्लॅगस्टाफ शहर, इथले नियम एकरी लुमेन मोजतात. फ्लॅगस्टाफने सर्चलाइटवर पहिला निर्बंध घातला तो १९५८ मध्ये, तिथल्या खगोल वेधशाळेसाठी.

रंग आणि वेळ विसरणं

६५०० केल्विनचा पांढराफटक दिवा घेऊ नका (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका उजेड पिवळसर). त्यातला निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो आणि आकाश उजळतं. फ्रान्सने २०१८ च्या आदेशात रस्त्यांसाठी ३००० केल्विनची मर्यादा घातली. दुकानांच्या काचांमागचे दिवे साधारण रात्री १ पर्यंत बंद व्हावेत असंही सांगितलं. टायमर नसेल तर दिवा बंद करायची जबाबदारी वॉचमनवर पडते, म्हणजे तो सकाळपर्यंत चालूच.

दिवा बदलला, तरी खिडकीत उजेड येतोय?

खिडकीत उभं राहून पाहा. दिव्यातले एलईडी ठिपके थेट दिसत असतील, तर फिटिंग वर कललेलं आहे. खांबाचा आडवा दांडा जुनाच ठेवला की असं होतं, कारण तो पूर्वीच्या दिव्यासाठी वर वाकवलेला असतो. फिटिंग जमिनीला समांतर करा. तरीही उजेड घरात येत असेल तर घराच्या बाजूने पत्र्याचा आडोसा लावा.

समांतर केल्यावर दोन खांबांमध्ये काळोखाचा पट्टा पडला, तर घाईने पुन्हा तिरकं करू नका. रुंद पसरणारी लेन्स मागवा. गेटवर मात्र उलटी तक्रार येते: 'दिवा मोठा आहे, तरी पलीकडचा माणूस दिसत नाही.' तिथे डोळे दिपतात, म्हणून सावली आणखी गडद वाटते. दिवा लहान करून खाली वळवला की चेहरा दिसतो.

तपासणी एकदा करून थांबू नका. पावसाळी वाऱ्याने फोकसचे बोल्ट सैल होतात, तोंड हळूहळू वर फिरतं. गणपती-दिवाळीला तात्पुरते लावलेले हॅलोजनही तसेच राहून जातात. त्यामुळे दुसरी फेरी दिवाळीनंतर, आणि रात्रीच मारा.